बिनआंघोळीचा देव

रोह्याबाहेरच्या टेकाडावर पत्र्याचा मांडव होता आणि त्या गुरुवारी मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. वैशाखातली दुपार. वर पत्रा तापलेला, तिन्ही बाजूंना ताडपत्र्या सोडलेल्या, वाऱ्याला आत यायला फट नाही. बायका पदराने वारा घेत होत्या, पोरं रडून रडून थकली होती, आणि तेल, अगरबत्ती आणि माणसांचा घाम यांचा एक जाड वास सगळ्यांवर बसला होता. तरी कोणी उठत नव्हतं. कारण समोर चौथऱ्यावर गुडघाभर उंचीचा एक काळा धोंडा होता आणि त्या धोंड्याला घाम फुटत होता.

अगदी खराखुरा घाम. सकाळी खडखडीत दिसणारा धोंडा गर्दी वाढली तसा ओलसर झाला, मग चकाकला, मग त्याच्यावर थेंब धरले आणि ओघळून खालच्या ताम्हनात पडायला लागले. थेंब पडला की अख्खा मांडव ओरडायचा, "घामोबाच्या नावानं चांगभलं!"

चौथऱ्याशेजारी वाघाच्या कातड्याच्या छापाची चादर अंथरून काळुनाथ महाराज बसले होते. दोन पावसाळ्यांआधी हा माणूस नुसता काळुराम होता आणि टेम्पोतून कसलीकसली पिंपं इकडून तिकडे पोचवायचा. मग एके दिवशी बांधावरच्या धोंड्याने त्याला स्वप्नात हाक मारली म्हणे. टेम्पो विकला आणि दाढी वाढवली. धंदा तोच राहिला, फक्त आता गिऱ्हाईक आपल्या पायाने चालत यायचं.

"ह्यो घाम नाय, माज्या लेकरांनो!" काळुनाथ माइकमध्ये तोंड घालून बोलत होता. "ही करुणा हाय, करुणा! तुमचा ताप, तुमचा मुतखडा, तुमच्या सासूची जीभ, समदा भार देव पाठीवर घेतो. जेवढी गर्दी जास्त, तेवढा भार जास्त, तेवढा घाम जास्त! वजं उचललं की घाम येनार का नाय?"

"येनार!"

"अमेरिकेची मशीन आनली व्हती तपासायला. मशीन बंद पडली!"

ही मशीन कोणी आणली, कुठे बंद पडली, हे कोणी विचारलं नाही. अमेरिकेचं नाव निघालं की आपल्याकडे माणसं मान डोलावतात, मग ते नाव बुवाने घेतलेलं असो की विम्याच्या एजंटाने.

बायकांच्या पुढच्या रांगेत पेणच्या रामवाडीची सगुणा बसली होती. सगुणा भाविक बाई. तिच्या देवघरातल्या बाळकृष्णाला आंघोळ घातल्याशिवाय तिने उभ्या जन्मात चहाचा घोट घेतला नव्हता. नवरा महिपती मास्तर, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, देव न मानणारे. त्यांनी सकाळीच तिला म्हटलं होतं, "धोंड्याचा घाम बघायला रोह्याला कशाला जातेस? माझा बघ." पण ती मास्तरांना डिवचायला आली नव्हती. ती भावासाठी आली होती.

भाऊ गोविंदा तिच्याहून पुष्कळ धाकटा. आई आजारी, म्हणून सगुणानेच त्याला कडेवर वाढवला. तो गडब गावात भातशेती करायचा. वर्षभरापूर्वी त्याची मूत्रपिंडं बिघडली. पेणच्या डॉक्टर अहमदांनी गोळ्या दिल्या, पथ्य दिलं, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला सांगितलं. तेवढ्यात कोणीतरी त्याच्या बायकोला, हौसाला, घामोबाचं नाव सांगितलं. काळुनाथाने पहिल्याच गुरुवारी गोळ्या बंद केल्या आणि घामाचं तीर्थ सुरू केलं, रोज सकाळ-संध्याकाळ, फुलपात्र भरून.

"वन्सं, येवढा गुन आलाय," हौसा तिच्या कानाशी लागून सांगत होती. "पयल्यांदा दोन दिवस जुलाब झाले. म्हाराज बोलले, ईख निघतंय. आता बघा, कसा शांत झालाय. पयले रातभर तळमळायचा, आता दिवसभर झोपतो."

सगुणाने पुरुषांच्या बाजूला बघितलं. गोविंदा खांबाला टेकून बसला होता. चेहऱ्यावर एक सैल, गोड हसू होतं, डोळे अर्धवट मिटलेले. माशी ओठावर बसली तरी हात हलला नाही. सगुणाला वाटलं, हे शांत होणं नव्हे. पण तिने देवाच्या दारात वाईट बोलायचं टाळलं आणि हात जोडले.

तिने येताना घरून तांब्याची कळशी आणली होती. तीर्थ वाटणाऱ्या चेल्याला तिने विचारलं, "देवाची आंघोळ किती वाजता असते? मला माझ्या हाताने घालायची हाय."

"घामोबाला आंघोळ नाय, मावशी."

"म्हणजे आज झाली?"

"कदीच नाय. पान्याचा थेंब लागला की शक्ती उतरते. पहाटे पडद्याआड म्हाराज सवता लेपन करतात, तेवडंच."

सगुणाला ते कसंसंच वाटलं. धोंडा असो, पिंडी असो, टाक असो, आंघोळ नसलेला देव तिने पाहिला नव्हता. तिच्या माहेरी बारशाला वरवंटा पाळण्यात घालत, तोसुद्धा आधी न्हाऊ-माखू घालून. इथे तेल, धूळ आणि माशांनी चिकट झालेला देव, आणि त्याला कोणी पाणी दाखवायचं नाही.

तेवढ्यात तीर्थ आलं. तिला घामात बुडवलेला कापसाचा बोळा मिळाला. तिने तो भक्तीने ओठांना लावला आणि जीभ आत ओढून घेतली.

आधी खारट. मग कडू, घशाला चिकटणारं, जीभ आकसून टाकणारं कडू.

हे तिने कधीतरी चाखलं होतं. आणि एकदम तिला बापाचा हात आठवला, पाठीत बसलेला. तिचा बाप खाडीकाठच्या मिठागरात कामाला होता. मीठ काढून घेतलं की वाफ्यात तेलासारखं जड, कडू पाणी उरतं. लहानपणी तिने ते ओंजळीने प्यायलं होतं. बापाने धपाटा घातला, आणि मग पुढचे दोन दिवस ती परसाकडेच बसून होती. ते पाणी गोणपाटावर सांडलं तर गोणपाट भर उन्हाळ्यातही वाळायचं नाही. पुढे समुद्राच्या उधाणाने बांध फुटला, मिठागर गेलं, बाप गडबला शेतीवर आला. गोविंदा तेव्हा पाळण्यात होता. त्याला ही चव कधी ठाऊकच नव्हती.

तिने मागे बघितलं. शेजारची म्हातारी बोळा चोखत होती, डोळे मिटून, तल्लीन होऊन. एक आई तापाने फणफणलेल्या लेकराच्या ओठांवर बोळा पिळत होती. सगुणाला शिसारी आली. तिने तोंडाला पदर लावला आणि ती माणसं तुडवत बाहेर गेली.

घरी आली तेव्हा मास्तर ओट्यावर बसून होते.

"काय म्हणतात तुझे घामोबा?"

सगुणाने सगळं सांगितलं. ऐकताऐकता मास्तरांचा चेहरा उजळत गेला.

"मी काय सांगत होतो! अगं, त्या पाण्यात एक क्षार असतो, तो हवेतली वाफ ओढून घेतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच, पण त्याहून कितीतरी जास्त. पहाटे लेप लावायचा आणि शेकून वाळवायचा. मग बंद मांडवात माणसं कोंडायची. त्यांच्या श्वासाची वाफ, त्यांच्या अंगाची वाफ, सगळी जाऊन बसते धोंड्यावर. गर्दी जास्त, घाम जास्त! बरोबर बोलतो लेकाचा!"

"म्हणजे तो घाम..."

"तुमचाच. तुम्हीच सोडायचा आणि तुम्हीच प्यायचा."

सगुणाने पदराने जीभ पुसली. "जिंकल्यासारखं हसू नका," ती म्हणाली. "माझा भाऊ तिकडे खांबाला टेकून मरतोय."

मास्तरांनी हसू आवरलं. मग ते हळू म्हणाले, "एक विचारू? रागावू नकोस. घामोबा खोटा हे तुला एका थेंबात कळलं. तीच कसोटी तुझ्या देवघराला लावशील?"

"लावली, गाडीत बसल्या-बसल्या," सगुणा म्हणाली. "माझा बाळकृष्ण घाम गाळत नाय. कौल देत नाय. औषध सोड म्हणत नाय. काहीच करत नाय तो."

"मग तो असला काय आणि नसला काय, फरक कसा ओळखायचा?"

हा प्रश्न मास्तर लग्नापासून विचारत आले होते आणि ती दर वेळी भांडी आपटून उठून जायची. आज ती उठली नाही.

"तुमचा सवाल खरा हाय," ती म्हणाली. "आणि माझ्यापाशी उत्तर नाय. आई गेली तेव्हा मी त्याला विचारलं, का नेलीस. तो बोलला नाय. तुम्ही म्हणता, कोणी नाहीच तर बोलणार कोण. असेल तसंही. पण सकाळी त्याला न्हाऊ घातलं की दिवसभर खोटं बोलायला माझी जीभ कचरते. ते मला सोडवत नाय."

"खोटं न बोलायला देव लागतो? मी मानत नाही देव. मी बोलतो खोटं?"

"नाय. म्हणून तर तुमचं ऐकून घेते." मास्तर हसले, पण तिचं संपलं नव्हतं. "आता तुमची चूक सांगू? तुम्ही लोकांना मूर्ख समजता. हौसा मूर्ख नाय, ती घाबरलीय. घाबरलेल्या माणसाला वरून शास्त्र ऐकवलं की तो बुवाच्या मागे जाऊन लपतो. म्हणून मी सांगते तसं करायचं. तिथे तुम्ही तोंड उघडायचं नाय. तुम्ही बोललात की लोक म्हणणार, नास्तिक आला देवाची निंदा करायला. मग भांडण तुमचं आणि देवाचं होतं, आणि बुवा मधल्यामधे सुटतो."

मास्तरांना हे झोंबलं. पण खोटं म्हणता येईना.

बापाच्या जुन्या, खाडीकाठच्या गावी अजून एक मिठागर चालू होतं. सगुणाने दुसऱ्या दिवशी तिथून कॅनभर कडू पाणी आणलं. तिथल्या माणसांनी सांगितलं, काळुराम टेम्पोवाला ह्याचीच पिंपं न्यायचा. स्वयंपाकघरातला वरवंटा घेतला. आईचा वरवंटा, माहेरची एवढी एकच वस्तू तिच्याकडे होती. गोविंदाच्या बारशाला हाच तिने न्हाऊ घालून, कुंची घालून त्याच्या शेजारी पाळण्यात ठेवला होता. तिने त्याला कडू पाण्याचा हात दिला, चुलीशी शेकवला, पुन्हा हात दिला, पुन्हा शेकवला. पांढुरका थर चढला. मग तो गार करून तिने जमिनीवर उभा ठेवला, शेजारी भाताचं वाफाळतं पातेलं ठेवलं, आणि दोघं नवराबायको समोर पाट टाकून बसली. पातेल्यातली वाफ निवेपर्यंत वरवंट्यावर थेंब धरले होते.

"चांगभलं," मास्तर म्हणाले. सगुणाला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वरवंटा पुन्हा शेकवला, प्लास्टिकात गुंडाळून पिशवीत घातला, आणि कळशी व मास्तरांना बरोबर घेऊन डॉक्टर अहमदांना सगळं सांगितलं. अहमद मास्तरांचा जुना विद्यार्थी. कडू पाण्याचं ऐकताच त्यांच्या हातातलं पेन थांबलं. "काकू, तो क्षार चांगल्या माणसाच्या मूत्रपिंडातून निघून जातो. गोविंदाच्या नाही निघणार. अंगात साठत जाईल. माणूस सुस्त होतो, स्नायू ढिले पडतात, मग श्वास थांबतो. चला, लगेच जाऊ."

गडबला गोविंदा पडवीत पडला होता, तेच सैल हसू तोंडावर घेऊन. डॉक्टरांनी त्याला खाटेच्या कडेला बसवलं आणि गुडघ्याखाली छोट्या हातोडीने टिचकी मारली. पाय उडायला हवा होता. हलला नाही. दुसरा पाय, तोही तसाच. डॉक्टरांनी सगुणाकडे बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "आजच्या आज हॉस्पिटल. गाडी माझी आहे. उद्यावर टाकलंत तर मी काही सांगू शकत नाही."

"मी नाय येनार," गोविंदा जड जिभेने म्हणाला. "ताय, मना बरं वाटतंय. म्हाराज बोललेत, आता गोळी घेतलीस त देव सोडून जाईल."

"हास्पिटलात नेलात नि काय झालं म्हंजे?" हौसा दारात आडवी उभी राहिली. "वन्सं, तुमी तुमच्या धन्याच्या नादी लागलाव."

सगुणाने तिचा हात धरला. "हौसा, गोविंदा, ऐका. आज त्याच्या पायाशीच जाऊ. मी देवाला आंघोळ घालते. आंघोळीनंतर त्याला पुन्हा घाम फुटला, तर मी गोळीचं नाव काढणार नाय, तीर्थ पिईन, तुमच्यासंगती गुरुवार धरीन. नाय फुटला, तर तिथूनच डॉक्टरच्या गाडीत बसायचं. बोल गो, कबूल?"

हौसाने गोविंदाकडे बघितलं. देवाच्या शब्दावर पैज लावायला तिला भीती वाटत नव्हती, कारण तिचा खरोखर विश्वास होता. बुवाच्या सगळ्या पसाऱ्यात खरी वस्तू तेवढी एकच होती. "कबूल," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सगळ्यांना गाडीत घालून रोह्याला आणलं आणि गाडी टेकाडाखाली उभी केली. तो शनिवार होता. पण नवस फेडणाऱ्यांनी शनिवारीही मांडव भरायचा. सगुणा कळशी डोक्यावर घेऊन, हळद-कुंकू लावून थेट चौथऱ्यापर्यंत गेली. मागे हौसा, तिच्या खांद्यावर भार टाकून चालणारा गोविंदा. त्यांच्या मागे मास्तर, ओठ घट्ट मिटून, हातात पिशवी घेऊन.

"म्हाराज," सगुणा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भावाच्या जिवासाठी नवस बोललेय. घामोबाला माझ्या हाताने न्हाऊ घालीन."

काळुनाथाने कळशीकडे बघितलं. "आई, तुजी भक्ती थोर हाय. पन घामोबाला पानी वर्ज्य."

"कुठल्या देवाला पाणी वर्ज्य असतं हो?"

"ही तपाची मूर्ती हाय. तापलेल्या तव्यावर पानी मारलं त काय व्हतं?"

"तवा गार होतो. देव गार होतो काय?"

मागे बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. नवस बोललेल्या बाईला देवापासून परत पाठवायचं म्हणजे काय? एक म्हातारी उठून म्हणाली, "घालू दे की रं. जन्मात बिनआंघोळीचा देव बघला नाय." दुसरीने दुजोरा दिला, तिसरी म्हणाली, "नवस मोडला त पाप कोनाच्या माथी?" आता मांडवच तिच्या बाजूने बोलायला लागला. काळुनाथाने चेल्याकडे बघितलं, चेल्याने ताडपत्रीकडे. कुठूनच मदत आली नाही. नवस मोडायला लावणारा बुवा रायगड जिल्ह्यात टिकत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

सगुणाने धोंड्यावर पाणी ओतलं. हाताने चोळलं. काळा, चिकट, माशांच्या पंखांचा लगदा तिच्या बोटांना लागला. तिची शिसारी तोंडावर दिसत होती, पण हात थांबला नाही. तान्ह्या पोराला घालतात तशी तिने त्या धोंड्याला आंघोळ घातली, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा चोळलं, कोरड्या पंच्याने पुसून काढलं. खालून स्वच्छ निळसर काळा दगड निघाला. कदाचित तो कधी खरंच कोणाच्या तरी पूर्वजाने बांधावर बसवला असेल, पिकाची राखण कर म्हणून.

मग तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला वरवंटा काढला आणि धोंड्याशेजारी उभा ठेवला.

"ह्ये काय?" काळुनाथ ओरडला.

"आमच्या घरचा पाहुणा हाय. आता आपण आरती म्हणू."

आरती झाली. दुसरी झाली. मांडवात माणसांची वाफ कोंडली होती, कपाळावरून घाम निथळत होता. बायका माना लांब करून बघत होत्या. न्हालेला घामोबा खडखडीत कोरडा होता. आणि त्याच्या शेजारी, चटणी वाटायच्या वरवंट्यावर आधी ओल आली, मग चकाकी आली, मग एक थेंब ओघळला.

पुढच्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"देव रुसला!" काळुनाथ किंचाळला. "पापी हात लागला!"

"बरं. देव रुसला," सगुणा म्हणाली. "मग वरवंटा का प्रसन्न झाला? त्याने तुमच्यापैकी कोणाचं दुखणं उचललं? त्याला मी काल मिठागरातलं कडू पाणी लावलंय. ह्या म्हाराजाच्या टेम्पोत त्याचीच पिंपं असायची. बायांनो, खाडीकाठच्या असाल त्यांनी या नि चाखा. गिळू नका, थुंका."

एक आगरी म्हातारी पुढे आली. वरवंट्याचा थेंब बोटावर घेतला, चाखला, थुंकली. मग ताम्हनातला जुना घाम बोटावर घेतला, चाखला, आणि काळुनाथाच्या चादरीवर थुंकली. "आय गो," ती म्हणाली, "मीठ काढून फेकतो ते पानी. ह्यानं आमच्या पोरांना पाजलं."

कोणीतरी मागचा पडदा ओढला. आत कॅन होते, चुना लावायचा ब्रश होता आणि शेगडी होती. काळुनाथ मात्र नव्हता. ताडपत्री हलत होती.

"आणि त्यात ओढलेली वाफ तुमची होती," सगुणा ताम्हनाकडे बोट करून म्हणाली. "तुमचा श्वास, तुमचा घाम. तोच तुम्हाला देवाचा म्हणून पाजला. मी पण चाखला. देव माना, नका मानू, तो ज्याचा त्याचा विचार. मी मानते, माझे मालक नाय मानत, आमचं एका चुलीवर शिजतं. पण एवढं धरा. जो सांगतो, हात लावू नका, पाणी घालू नका, विचारू नका, तिथेच आधी हात लावा, तिथेच पाणी घाला. खऱ्याला आंघोळीने काय होत नाय."

तिने वळून बघितलं. गोविंदा खाली बसला होता आणि वरवंट्याकडे बघत होता. त्याचं हसू गेलं होतं. त्याच्या जागी भीती आली होती, आणि सगुणाला ती बघून हायसं वाटलं, कारण ती जिवंत माणसाची भीती होती.

"ताय," तो म्हणाला, "मना उठवत नाय. उचल."

हौसाने एका बाजूने धरलं, मास्तरांनी दुसऱ्या बाजूने, आणि त्यांनी त्याला टेकाडाखाली डॉक्टरांच्या गाडीपर्यंत नेलं. मास्तर अजूनही काही बोलले नव्हते.

गोविंदा वाचला. मुंबईच्या हॉस्पिटलात त्याला सुया टोचल्या, मशीन लावून रक्त धुतलं, आणि काही आठवड्यांनी तो पेणला सगुणाकडे आला, काठी टेकत, कुरकुर करत. हौसाही सोबत होती. सगुणाला वाटलं, सुटलो.

एका सकाळी ती बाजारातून आली. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक वाक्य अगदी तयार होतं. सगुणाने आत बघितलं. पाट्यावर वरवंटा उभा होता. त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं, डोक्यावर जास्वंदीचं फूल होतं, पुढे उदबत्ती. हौसा डोळे मिटून हात जोडून बसली होती.

सगुणाने हातातली पिशवी खाली ठेवली. तिने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी ते वाक्य गिळलं आणि ते ओट्यावर जाऊन बसले.

"हौसा, हे काय गो?"

"वन्सं, ह्यानंच माज्या धन्याला वाचवलान."

सगुणा तिच्याशेजारी खाली बसली. ओरडायचं होतं, ओरडली नाही. "वाचवलं डॉक्टरनी. सुईने, मशिनीने. आणि तू त्याला गाडीत बसू दिलंस म्हणून. तू दारातून हटली नसतीस तर हा वरवंटा काय करणार होता?"

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग मी हात कोनाला जोडू?"

बाहेर ओट्यावर मास्तर कान देऊन बसले आहेत हे तिला माहीत होतं.

"मला विचारलंस तर बाळकृष्ण आत हाय. ह्यांना विचारलंस तर म्हणतील, कोणालाच नको, त्याच हाताने काम कर. दोघांचं ऐक आणि तुझं तू ठरव. पण ह्याला नको. हा आपला दगड हाय. ह्याचं खोटं आपणच करून दाखवलंय."

तिने फूल काढलं, उदबत्ती विझवली, वरवंट्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि हाताने खसाखसा धुतला. कुंकू मोरीत वाहून गेलं. मग तिने पाट्यावर खोबरं, मिरची, लसूण ठेवला आणि वरवंटा हौसाच्या हातात दिला.

हौसाने डोळे पुसले. मग तिने पदर खोचला आणि वाटायला लागली. लसणाचा वास घरभर झाला.

"मीठ घालू, वन्सं?"

"गोविंदाचं आधी काढून घे," सगुणा म्हणाली. "त्याला बिनमिठाचं, डॉक्टरनी सांगितलंय. मग आपल्यात घाल."